जुन्या छापील बायबलमधील चित्राची रेषा आणि रचना: टप्प्याटप्प्याने वाचन

पंधराव्या-सोळाव्या शतकातील छापील बायबल-चित्रांवर विद्यार्थ्यांनी लिहिलेली टिपणे वाचताना एक दोष वारंवार आढळतो. पहिल्याच परिच्छेदात तराजू कशाचे प्रतीक, सिंह कशाचे प्रतीक असा अर्थाचा उलगडा सुरू होतो, आणि रेषेचा विषय शेवटी ‘रेषा जोरकस व लयबद्ध आहेत’ एवढ्या वाक्यात उरकला जातो. हे वाक्य कोणत्याही चित्राखाली डकवता येईल. दोष निरीक्षणशक्तीचा क्वचितच असतो. बहुधा तो क्रमाचा असतो. अर्थ आधी ठरला की डोळा त्या अर्थाला सोयीचे तेवढेच पाहतो, आणि चित्र ज्या साधनातून उभे राहिले त्या साधनाकडे लक्षच जात नाही.

पुढील क्रम जर्मन चित्रकार अल्ब्रेख्ट ड्यूररच्या दोन काष्ठठशांवर, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेल्या चित्रांवर, बेतलेला आहे. पहिला, बायबलच्या शेवटच्या पुस्तकावरील, १४९८ साली त्याने स्वतः प्रसिद्ध केलेल्या ‘प्रकटीकरण’ या पंधरा चित्रांच्या मालिकेतील ‘चार घोडेस्वार’. दुसरा, साधारण त्याच सुमाराचा ‘सिंहाला फाडणारा शमशोन’. गरजेप्रमाणे इतर बायबलांतील ठसेही मधूनमधून येतील. एका चित्रासाठी दोन निवांत बैठका राखून ठेवाव्यात. एका बैठकीत सगळे उरकण्याच्या नादात तिसरा टप्पा हमखास गाळला जातो, आणि खरे काम त्याच टप्प्यात आहे.

## तयारी

दोन्ही चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात विनामूल्य उपलब्ध आहेत. शमशोनाच्या चित्राचा मूळ लाकडी ठसाही त्याच संग्रहालयात आहे, आणि या अभ्यासासाठी तो शमशोन निवडण्याचे एकमेव कारण तेच आहे. ठशाचे छायाचित्र आणि छाप शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी या काळातील फारच थोड्या चित्रांबाबत मिळते.

‘चार घोडेस्वार’चे माप सुमारे ३९ × २८ सेंटिमीटर आहे, म्हणजे ते ए-थ्री कागदावर मूळ मापात छापता येते. छापताना प्रिंटरमधील ‘कागदाला बसवा’ हा पर्याय बंद ठेवावा आणि छापून झाल्यावर चित्राची रुंदी पट्टीने मोजावी. २८ सेंटिमीटरच्या आसपास भरली तरच पुढे जावे. मोबाइलच्या पडद्यावर हाताच्या पंजाएवढे दिसणारे चित्र पाहून रेषेच्या जाडीविषयी केलेले कोणतेही विधान निरुपयोगी असते.

याशिवाय ट्रेसिंग पेपरचे तीन तुकडे, एचबी पेन्सिल, लाल व निळी शाई, भिंग, हातात मावेल असा आरसा आणि पट्टी लागेल. मराठी बायबलही जवळ असावे, परंतु पाचव्या टप्प्यापर्यंत ते उघडू नये. ज्यांनी शाळेत किंवा कलामहाविद्यालयात लिनो कापलेला नाही, त्यांनी लिनोचा लहानसा तुकडा आणून त्यावर तीन सेंटिमीटरच्या चौकोनात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी काढावी आणि रेषा उठावदार राहतील अशा बेताने मधले पांढरे चौकोन कापून काढण्याचा प्रयत्न करावा. अर्ध्या तासात हात आखडतो आणि दोनचार रेषा हमखास तुटतात. पुढे तिसऱ्या टप्प्यात जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे या अर्ध्या तासात कळते.

इशारा. ‘जुनी बायबल-चित्रे’ असा शोध घेतला की फ्रेंच चित्रकार गुस्ताव डोरेची चित्रे सर्वांत आधी समोर येतात. ती १८६६ सालच्या बायबलमधील आहेत. ती लाकडाच्या आडव्या छेदावर, वेगळ्या हत्याराने कोरलेली आहेत, आणि त्यांतील धुरकट करड्या छटांना व काळ्यावर उमटलेल्या पांढऱ्या रेषांना पुढील टप्पे लागू पडत नाहीत. अंधारातून उजेडाकडे सरकणारी सलग करडी छटा दिसली की थांबून चित्राचे साल तपासावे.

## टप्पा १. ठसा लाकडाचा की तांब्याचा, हे ठरवणे

मराठीत आपण दोन्हींना ‘कोरीव चित्र’ म्हणून मोकळे होतो, आणि पहिली चूक त्या शब्दातच होते. काष्ठठशात शाई उठावाच्या भागाला लागते. कागदावर जे पांढरे राहायचे ते सारे लाकूड सुरीने काढून टाकलेले असते. ताम्रपटात नेमके उलट घडते: अणकुचीदार हत्याराने धातूत खाच पाडली जाते, शाई त्या खाचेत भरून पृष्ठभाग पुसला जातो आणि ओलसर कागद जोराच्या दाबाखाली ती शाई उचलतो. म्हणजे तांब्यावरची काळी रेषा खरोखर कोरलेली असते, तर लाकडावरची काळी रेषा राखलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंनी सुरी फिरलेली असते आणि मधली बारीक भिंत तेवढी उरते.

या फरकाचा पुस्तकावर थेट परिणाम होतो. लाकडी ठसा आणि अक्षरांचे शिशाचे खिळे दोन्ही उठावाचे असल्यामुळे ते एकाच चौकटीत बसवून एकाच दाबात छापता येतात. ताम्रपटाला वेगळे रुळाचे यंत्र लागते, म्हणून मजकुराच्या पानावर ताम्रपट छापायचा तर कागद दोनदा यंत्रातून काढावा लागतो. छपाईच्या पहिल्या काही दशकांतील बायबलांत ओळींच्या मधोमध बसलेले चित्र बहुधा काष्ठठसाच असण्याचे कारण हे आहे.

पडद्यावर ओळखायचे असेल तर जिथे रेषा एकमेकींना छेदतात ती जागा मोठी करून पाहावी. ताम्रपटात छेद सफाईदार असतात, रेषा केसासारखी निमुळती होत संपते आणि सावलीच्या कडेला बारीक ठिपके आढळतात. काष्ठठशात छेदांमधले पांढरे तुकडे कोनेदार आणि थोडे असमान असतात, कारण त्यांतील प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे कापून काढलेला असतो.

पडताळा. टिपणाच्या पहिल्या ओळीत ‘काष्ठठसा’ किंवा ‘ताम्रपट’ यांपैकी एकच शब्द लिहावा. तो लिहिता येत नसेल, तर दुसऱ्या टप्प्याकडे वळू नये.

## टप्पा २. पान आणि माप

चित्र सुटे पाहू नये. ते पानावर कुठे बसले होते ते शोधावे. कोलोनमध्ये सुमारे १४७८ साली छापलेल्या बायबलचे ठसे आडवे आहेत: सुमारे १९ सेंटिमीटर रुंद, १२ सेंटिमीटर उंच आणि मजकुराच्या दोन्ही स्तंभांवर पसरलेले. न्यूरेंबर्गचा मुद्रक अँटन कोबर्गर याने १४८३ सालच्या आपल्या बायबलसाठी तेच ठसे पुन्हा वापरले. व्हेनिसमध्ये १४९० साली निघालेल्या मालेर्मी बायबलात (इटालियन भाषांतरात) चित्रे एकाच स्तंभाच्या रुंदीत मावतील एवढी लहान झाली. चित्रकार होल्बाइनची जुन्या करारावरील चित्रे, जी १५३८ साली लियोंमध्ये प्रसिद्ध झाली, ती जेमतेम ६ × ९ सेंटिमीटरची आहेत. ड्यूररच्या ‘प्रकटीकरणा’त मात्र चित्राने सबंध पान घेतले आणि मजकूर चित्रांच्या पाठीवर सलग छापला गेला, त्यामुळे पुस्तक उघडताच उजवीकडे चित्र आणि डावीकडे मजकुराचे दोन स्तंभ असे दृश्य दिसते.

ठशाच्या आकारावरून रचनेचा निम्मा निर्णय आधीच झालेला असतो, ही बाब टिपणात हमखास सुटते. आडव्या ठशात आकृत्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि प्रसंग डावीकडून उजवीकडे उलगडतो. उभ्या, पानभर ठशात त्या एकमेकींवर चढतात. ड्यूररने घोडेस्वारांना एकमेकांवर का रेटले, याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्यापूर्वी त्याच्या पानाच्या उंचीत शोधावे.

## टप्पा ३. रेषा

या टप्प्याला घाई चालत नाही. पहिली बैठक बहुतेक इथेच संपावी.

३.१ बाह्यरेषा. पहिला ट्रेसिंग पेपर चढवून आकृत्यांच्या केवळ कडा गिरवाव्यात. सावलीची एकही रेषा घेऊ नये. गिरवताना रेषा कुठे जाड होते, कुठे बारीक होते आणि कुठे चक्क तुटते, ते हाताला जाणवू द्यावे. ड्यूररची रेषा घोड्याच्या मांडीवर फुगते आणि सांध्याशी येता येता निमुळती होते. कोलोनच्या ठशांत तीच रेषा आरंभापासून शेवटपर्यंत बरीचशी सारख्या जाडीची राहते. हा फरक हुशारी-अडाणीपणाचा नाही. कोलोनच्या ठशांची रेषा रंगाचे कुंपण म्हणून आखलेली आहे. अशा बायबलांच्या पुष्कळ प्रती छापल्यानंतर हाताने रंगवल्या जात, म्हणून बिनरंगी प्रत समोर ठेवून ‘चित्र रिकामे वाटते’ असे लिहिणे म्हणजे रांगोळीची नुसती रेघ पाहून रंग कमी पडल्याची तक्रार करण्यासारखे आहे.

३.२ छटेच्या रेषा. दुसऱ्या ट्रेसिंग पेपरवर केवळ सावल्या घ्याव्यात, आणि त्याही सगळ्या घेऊ नयेत. चित्रात चार जागा निवडाव्यात: एक घोड्याच्या अंगावरची, एक वस्त्राच्या चुणीतली, एक आकाशातली आणि एक जमिनीवरची. प्रत्येक ठिकाणी दोन सेंटिमीटरचा चौकोन आखून त्यातल्या रेषा मोजाव्यात आणि त्यांची दिशा बाणाने दाखवावी. मग तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. रेषा सरळ आहेत की अंगाच्या गोलाईबरोबर वळतात? त्या समांतर आहेत की एकमेकींना छेदतात? आणि रेषेच्या टोकाशी काय होते?

‘चार घोडेस्वार’मध्ये घोड्याच्या अंगावरच्या रेषा गोलाईबरोबर वळतात, त्यामुळे त्या एकाच वेळी सावलीही दाखवतात आणि स्नायूचा आकारही सांगतात. आकाशातल्या रेषा मात्र आडव्या, समांतर आणि लांब आहेत. त्यांना कोणत्याही वस्तूचा आकार सांगायचा नाही. त्या पार्श्वभूमी गडद करतात, आणि स्वार ज्या दिशेने धावत आहेत त्याच दिशेने त्या ओढलेल्या असल्यामुळे वेग वाढवतात. एकाच चित्रात एकाच सुरीने राखलेल्या रेषेला अशी दोन निरनिराळी कामे दिली आहेत, हे चौकोन मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. मोजल्यावर मात्र ‘लयबद्ध’ या शब्दाची गरजच उरत नाही.

३.३ पांढरे. तिसरा भाग बहुतेक जण करतच नाहीत. चित्रातील जे भाग पूर्ण पांढरे आहेत ते निळ्या शाईने भरावेत. काष्ठठशात हाताचे सगळे श्रम पांढऱ्यावर झालेले असतात, त्यामुळे निळा नकाशा हाच कापणाऱ्याच्या कामाचा नकाशा ठरतो. गडद आकाशासमोर स्वारांचे चेहरे आणि घोड्यांची अंगे उजळ का उठून दिसतात, हे या निळ्या आकारांवरून उघड होते.

इथेच शमशोनाच्या ठशाचे छायाचित्र समोर घ्यावे. छाप आरशात धरावी आणि आरशातले प्रतिबिंब ठशाशी ताडून पाहावे. प्रतिबिंबातली जी रेषा कागदावर बारीक वाटत होती, ती लाकडावर दोन उतारांच्या मधली कड आहे असे दिसेल. ड्यूररच्या काळातील ठसे फळीवर, म्हणजे तंतूंच्या लांबीत कापलेल्या लाकडावर केलेले असत. तंतूंना आडवी जाणारी बारीक रेषा कापताना कड उडण्याचा धोका अधिक असतो. ज्यांनी लिनो कापून पाहिला आहे त्यांना ही भीती समजावून सांगावी लागणार नाही. लिनोला तंतू नसतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

इशारा. ‘चित्रकाराने ही रेषा किती आत्मविश्वासाने कापली आहे’ असे वाक्य लिहू नये. लाकडावर रेखाटणारा आणि कापणारा हे बहुधा दोन निराळे कारागीर असत. कापणाऱ्याला जर्मन भाषेत फॉर्मश्नायडर असे स्वतंत्र नाव होते. रेषेचा मार्ग एकाने ठरवलेला असू शकतो आणि तिची कड दुसऱ्याने. टिपणात ‘रेषा राखली आहे’, ‘रेषा ठेवली आहे’ अशी शब्दयोजना केल्यास हा घोटाळा आपोआप टळतो.

इशारा. तुटकी रेषा दिसली की तिला शैली समजू नये. ठशाला तडा गेला असेल तर चित्राच्या आरपार पांढरी रेघ जाते; कीड लागली असेल तर रेषांच्या मध्येच गोल पांढरे ठिपके पडतात; चौकटीची रेघ कोपऱ्यात उडालेली असते. ‘प्रकटीकरणा’चे ठसे १४९८ साली जर्मन आणि लॅटिन अशा दोन आवृत्त्यांसाठी आणि पुन्हा १५११ च्या लॅटिन आवृत्तीसाठी वापरले गेले, शिवाय त्यांच्या सुट्या छापाही निघाल्या. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन छापा समोर ठेवून तुटलेली जागा दोन्हींत आहे का, ते पाहावे.

पडताळा. या टप्प्याअखेरीस हातात चार चौकोनांचे आकडे, दिशेचे बाण आणि निळा नकाशा असला पाहिजे. नुसती विशेषणे जमली असतील तर टप्पा पुन्हा करावा.

## टप्पा ४. रचना

दुसरी बैठक सुरू करताना आधी चित्राची दिशा तपासावी. लाकडावरचे रेखाटन कागदावर उलटे उमटते, त्यामुळे आपल्याला डावीकडून उजवीकडे धावणारे स्वार ठशावर उजवीकडून डावीकडे धावत होते. शिवाय इंटरनेटवर चित्रे कोणीतरी आडवी उलटवून ठेवलेली असतात. ड्यूररच्या चित्रात तळाशी त्याच्या नावाची दोन अक्षरे असतात. ती सुलटी वाचता आली पाहिजेत. इतरांच्या चित्रांत आशीर्वाद देणारा हात पाहावा. आशीर्वाद डाव्या हाताने दिला जात असेल, तर बहुधा दुसऱ्या छापील चित्रावरून ते सरळ लाकडावर उतरवलेले असून छापताना उलटले आहे.

आता तिसरा ट्रेसिंग पेपर घ्यावा. त्यावर आकृती काढू नयेत. केवळ पुढील गोष्टी लाल शाईने काढाव्यात.

१. चौकट, आणि चौकटीने जे जे कापले आहे त्याच्या जागा.

२. प्रत्येक मोठ्या आकृतीचा अक्ष, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत किंवा घोड्याच्या माथ्यापासून शेपटीपर्यंत एक सरळ रेघ.

३. शस्त्रे, हात, पंख यांच्या दिशा.

४. सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागा यांच्या सीमा.

‘चार घोडेस्वार’चा असा सांगाडा काढला की चित्राचे तीन थर वेगळे होतात. सर्वांत वर देवदूत आहे. मधल्या थरात धनुष्य, तलवार आणि तराजू घेतलेले तीन स्वार एकमेकांना अंशतः झाकत तिरक्या रांगेत आहेत. उजवीकडचा धनुर्धारी सर्वांत मागे आणि तराजूवाला मध्यभागी, सर्वांत मोठा. चौथा स्वार डावीकडे खाली, आपल्या सर्वांत जवळ आणि हाडे दिसणाऱ्या घोड्यावर आहे. तळाच्या थरात उजवीकडे तुडवली जाणारी माणसे आहेत, तर डाव्या कोपऱ्यात नरकाचा जबडा उघडलेला आहे.

या सांगाड्यातून निघणारे निरीक्षण असे लिहिता येईल: वरचे तीन स्वार एका दिशेने रेटा लावतात, पण चौथ्याचा मार्ग त्यांच्या खालून जातो, म्हणजे पडलेल्यांवर वरून आणि बाजूने असा दुहेरी दाब येतो. या वाक्यात एकही प्रतीक नाही, तरीही चित्र भयंकर का वाटते याचे कारण त्यात आले आहे.

सर्वच रचना अशा नसतात. दोन प्रकार वेगळ्या रीतीने वाचावे लागतात. पहिला प्रकार ‘गरिबांचे बायबल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चित्र आणि अक्षरे एकाच फळीवर कापलेल्या चाळीस पानी पुस्तकाचा. त्यात पान कमानी-खांबांनी विभागलेले असते: मध्ये नव्या करारातील प्रसंग, दोन्ही बाजूंना जुन्या करारातील प्रसंग, आणि वर दोन व खाली दोन असे संदेष्टे. ख्रिस्ताला कबरेत ठेवण्याच्या प्रसंगाच्या एका बाजूला योसेफला विहिरीत टाकत आहेत आणि दुसऱ्या बाजूला योनाला मासा गिळत आहे. हे पान व्यंगचित्रमालिकेसारखे डावीकडून उजवीकडे वाचले तर सगळे बिनसते. आधी मधला भाग, मग बाजू, आणि शेवटी संदेष्टे असे वाचावे. तीनही चौकटींत एक शरीर अंधाऱ्या पोकळीत उतरत असल्याचे तेव्हा ध्यानात येते, आणि ती पोकळीची पुनरावृत्ती हीच या पानाची रचना आहे.

दुसरा प्रकार वर्तुळाचा. कोलोन आणि न्यूरेंबर्गच्या बायबलांत निर्मितीच्या चित्रात आदामाच्या कुशीतून हव्वा बाहेर येते ती मध्यभागी, आणि भोवती एकात एक वर्तुळे आहेत. इथे तिरके अक्ष शोधत बसू नये. परिघ गिरवावेत आणि कोणती आकृती परिघ ओलांडते का, एवढेच तपासावे.

पडताळा. लाल सांगाडा चित्राशिवाय दुसऱ्या व्यक्तीला दाखवावा आणि ‘हालचाल कुठून कुठे आहे?’ एवढेच विचारावे. तिचे उत्तर आपल्याशी जुळले नाही, तर अक्ष पुन्हा काढावेत.

## टप्पा ५. आता वचन उघडावे

प्रकटीकरणाचा सहावा अध्याय, पहिल्या ते आठव्या वचनापर्यंत, सावकाश वाचावा. ज्यांना तो पाठ आहे त्यांनीही वाचावा. पाठ असलेला मजकूर आपण क्वचितच नीट वाचतो. वाचताना दोन रकाने आखावेत: वचनात आहे पण चित्रात नाही ते एकात, आणि चित्रात आहे पण वचनात नाही ते दुसऱ्यात.

पहिल्या रकान्यात लगेच रंग येतात. वचन घोड्यांची ओळख रंगानेच करून देते: पांढरा, तांबडा, काळा आणि फिकट. काळ्या शाईच्या चित्रापाशी हे साधन नाही. म्हणून ओळख रंगाकडून काढून शस्त्रांवर आणि शरीरांवर टाकली आहे. फिकटपणाचे काम घोड्याच्या बरगड्या करतात. त्याच रकान्यात काळही येतो. वचनात शिक्के एकामागून एक फुटतात आणि स्वार एकेक करून बाहेर पडतात, तर चित्रात चौघे एकाच क्षणी धावतात. दुसऱ्या रकान्यात मृत्यूच्या हातातले त्रिशूळासारखे आयुध येते. अधोलोक त्याच्या मागोमाग चालत होता, असे वचन म्हणते. चित्रात त्या अधोलोकाचा जबडा झाला आहे.

शमशोनाबाबत शास्ते हे पुस्तक, चौदावा अध्याय पाहावा. तिथे एक बारीक गोष्ट आहे: त्याच्या हाती काहीच नव्हते. चित्रात दोन्ही हात जबड्यात गुंतलेले का आहेत आणि रेषांची सर्वांत दाट गर्दी कुठे आहे, हे आपल्या चौकोनांच्या आकड्यांशी ताडून पाहावे.

नेहमीची चूक. वचनाशी न जुळणारी प्रत्येक गोष्ट ‘चित्रकाराची कल्पनाशक्ती’ म्हणून सोडून दिली जाते. आधी सहावा टप्पा करावा; पुष्कळदा ती गोष्ट आधीच्या ठशातून आलेली असते.

## टप्पा ६. पूर्वीच्या ठशाशी तुलना

एकच पूर्वचित्र निवडावे, दहा नकोत. ‘प्रकटीकरणा’साठी कोबर्गरच्या बायबलातील त्याच अध्यायाचा ठसा पुरेसा आहे. त्याचाही लाल सांगाडा काढावा आणि दोन्ही सांगाडे प्रकाशासमोर एकावर एक धरावेत. काय राहिले, काय सरकले आणि काय गळले, अशा तीन ओळी लिहाव्यात. उलट दिशेचा अभ्यास करायचा असेल तर मालेर्मी बायबल घ्यावे: तिथे कोलोनच्या रुंद रचना अरुंद जागेत बसवताना आकृत्या कमी झाल्या, सावलीच्या रेषा विरळ झाल्या आणि बाह्यरेषेवरच सगळा भार आला.

आपल्याकडचा एक दाखला या टप्प्यासाठी फार उपयोगी आहे. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० साली फतेहपूर सिक्रीला पोचले आणि त्यांनी अँटवर्पमध्ये प्लांटिनने छापलेले बहुभाषी बायबल अकबराला भेट दिले; पुढील काळात मोगल चित्रशाळेत युरोपीय छापांच्या नकला होऊ लागल्या. त्या चित्रशाळेतील अबुल हसनने १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या १५११ सालच्या क्रूसारोहणाच्या ताम्रपटातून एकट्या संत योहानाची आकृती घेतली. ते रेखाचित्र आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. मुलाच्या हाती कुंचला होता, म्हणून धातूवर खाच पाडून आलेली सावलीची रेषा त्याच्याकडे येताना साधनासह बदलली. रचनेत तर आणखी मोठा फरक पडला. क्रूस वगळल्यावर हात एकमेकांत गुंफून उभा असलेला योहान कशासाठी व्याकूळ आहे, हे चित्रच सांगू शकत नाही. एखादी आकृती रचनेवर किती अवलंबून होती, हे तपासण्यासाठी ती अशी सुटी काढून पाहणे ही चांगली रीत आहे; आपल्या ट्रेसिंगवरही ती करून पाहावी.

## टप्पा ७. अर्थ आणि टिपण

अर्थाला हात घालताना एकच नियम पाळावा: अर्थाचे प्रत्येक विधान ज्या रेषेवर किंवा ज्या जागेवर बोट ठेवून दाखवता येईल, तेवढेच लिहावे.

१५२२ सालच्या सप्टेंबरमध्ये विटेनबर्गमध्ये छापलेल्या लूथरच्या जर्मन नव्या करारात चित्रकार क्रानाखचे प्रकटीकरणावरील एकवीस ठसे आहेत. त्यांत बाबेलच्या स्त्रीच्या डोक्यावर पोपचा तीन मजली मुकुट होता. डिसेंबरच्या आवृत्तीत तो साधा झाला: वरचे मजले ठशावरून कापून काढले आणि त्या जागी मोकळे पांढरे राहिले. लाकडावरची राखलेली रेषा काढून टाकायला सुरीचे दोन फटके पुरतात, परंतु नवी रेषा घालायची तर तेवढा भाग कोरून त्यात लाकडाचा दुसरा तुकडा बसवावा लागतो. म्हणून या चित्रातील वादाविषयी लिहायचे असेल तर ‘पोपविरोधी आशय’ अशी सुरुवात न करता त्या पांढऱ्या जागेपासून करावी.

टिपणाची मांडणी टप्प्यांच्याच क्रमाने ठेवावी. माध्यम आणि माप दोन ओळींत आटोपावे, रेषेला निम्मी जागा द्यावी, रचनेला त्याखालोखाल, वचन व तुलना थोडक्यात, आणि अर्थाला शेवटचा एक परिच्छेद. चित्राची प्रत कोणत्या संग्रहालयातली आहे आणि पाठीमागे मजकूर आहे की नाही, हे शीर्षकाखाली नोंदवावे, कारण दुसऱ्या छापेत तडा नसेल तर वाचकाला आपले निरीक्षण चुकीचे वाटेल. लिहून झाल्यावर ‘जोरकस’, ‘प्रवाही’, ‘लयबद्ध’ आणि ‘भावपूर्ण’ हे चार शब्द शोधून खोडावेत आणि प्रत्येकाच्या जागी चौकोनातला आकडा किंवा बाणाची दिशा लिहावी. मग तिन्ही ट्रेसिंग पेपर छापलेल्या चित्राला कोपऱ्यात टाचणीने जोडून त्यावर तारीख घालावी.